‘मदत करू का?’पासून ‘आज माझा वार’पर्यंत

माझा नवरा स्वयंपाक करत नाही हे बाहेरच्या कोणाच्या लक्षातच यायचं नाही, कारण तो कायम स्वयंपाकघरातच असायचा. मी पोळ्या लाटत असले की हा फ्रिजला टेकून उभा. ऑफिसातलं काही, लेकीच्या शाळेतलं काही, आणि मधूनच "काही मदत करू का?" तो मनापासून विचारायचा, यात मला कधी शंका नव्हती. पण त्या प्रश्नाचं उत्तर शोधणं हे माझं आणखी एक काम होऊन बसायचं. तव्यावर पोळी असताना त्याला देण्याजोगं काम कोणतं, ते कुठल्या डब्यातलं, किती घ्यायचं, कसं चिरायचं हे सांगेपर्यंत ते माझ्याकडूनच होऊन जायचं. मग मी "नको, झालंच" म्हणायची आणि तो पुन्हा बघत राहायचा.

आम्ही डोंबिवलीत राहतो, नोकऱ्या दोघांच्याही मुंबईत. संध्याकाळच्या लोकलला लेडीज डब्यात कितीतरी जणी मेथी, गवार, घेवडा निवडत घरी येतात. शेजारची अनोळखी बाई काही न विचारता माझ्या पिशवीतल्या मूठभर शेंगा ओढून घेते आणि मोडायला लागते. दोन्ही टोकं काढायची, शीर ओढायची, किडकी बाजूला टाकायची, हे तिला सांगावं लागत नाही. मला घरी नेमकं हेच हवं होतं. काम काय आहे हे ज्याला दिसतं, असा माणूस.

२०२० साली लॉकडाउन लागला आणि सगळं फार स्पष्ट झालं. लोकल बंद, भांड्यांना येणाऱ्या मावशी बंद, तीन माणसांचं तिन्ही वेळचं घरात. येण्याजाण्याचे अडीच-तीन तास त्याचेही वाचले होते. तोवर मी स्वतःला सांगत आले होते की त्याला वेळ मिळत नाही. आता वेळ होता, माणूस घरात होता, आणि तरी दुपारी बारा वाजता लॅपटॉप मिटून तो ओट्यापाशी यायचा तो उभा राहायला.

आधी मी कामं वाटून पाहिली. कांदा तू चिर, लसूण तू सोल, कोशिंबीर तुझी. त्याने केलं, पण प्रत्येक गोष्ट विचारून. काकडी चोचवायची की किसायची? दाण्याचं कूट किती? माझे हात थोडे मोकळे झाले, डोकं जराही नाही. मग त्याने रविवारची पावभाजी अंगावर घेतली. ती छान व्हायची, खरंच छान. पण सोमवारी सकाळी डब्याला काय, हा प्रश्न पावभाजीने सुटत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने वेळेच्या वापराची पाहणी जाहीर केली. २०१९ सालची माहिती होती, सहा वर्षांवरच्या सगळ्यांची. घरासाठी बिनपगारी घरकाम दिवसभरात जरा तरी करणाऱ्या बायका ८१.२ टक्के आणि पुरुष २६.१ टक्के. जे करतात, त्यांच्यात बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, पुरुष ९७. मी तो कागद त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "मला येत नाही असं नाही. गावच्या जत्रेला मटण मीच करतो की."

हे खरं आहे, आणि माझ्या मते सगळी गाठ इथेच आहे. त्याचं गाव साताऱ्याकडे. जत्रेला तिथे मटण पुरुष शिजवतात. दगडांच्या चुली, मोठाली पातेली, वाटण, मीठ, तिखट, शेकडो माणसांचा अंदाज, सगळं गडी माणसांच्या हातात. लग्नाचा आचारी पुरुष, भंडाऱ्याची भाजी ढवळणारे पुरुष. म्हणजे हात चालतात, चव कळते, अंदाजही येतो. अडतं ते रोजच्या जेवणाशी. ज्यात टाळ्या नाहीत, सुट्टी नाही, आणि आज संपलं की उद्या पुन्हा आहे, त्या जेवणाशी.

तेव्हा मी वाद सोडला आणि यादी करायला घेतली. कालनिर्णयाच्या जुन्या पानांच्या पाठीमागे, स्वयंपाकाच्या बाहेरचा सगळा स्वयंपाक लिहून काढला. दूध तापवणं. विरजण लावणं. दळण काढून ठेवणं, गिरणीत टाकणं, आणणं, गार झाल्यावर डब्यात भरणं. मिसळणाच्या डब्यातली मोहरी संपत आली हे संपायच्या आधी दिसणं. गॅसचा नंबर लावणं. कुकरची रिंग सैल झालीय हे शिट्टीच्या आवाजावरून ओळखणं. एकादशीच्या आदल्या रात्री साबुदाणा भिजवणं. फ्रिजमधली कोथिंबीर आज वापरली नाही तर उद्या टाकावी लागेल, हे लक्षात ठेवणं. उरलेल्या भाताचं काय करायचं ते रात्रीच ठरवणं. आणि मटकी. मंगळवारी रात्री भिजत घातली, बुधवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली, की गुरुवारी तिला चांगले मोड येतात. गुरुवारची उसळ मंगळवारी रात्री सुरू होते. ओट्याशेजारी उभं राहून बघणाऱ्याला फक्त गुरुवार दिसतो.

पानं भरत गेली. त्याने ती सगळी वाचली, बराच वेळ. मग विचारलं, "हे सगळं तुझ्या डोक्यात असतं?" त्यानंतरचं बोलणं सोपं झालं.

ठरलं ते असं. कामं वाटायची नाहीत, वार वाटायचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार रात्रीचं जेवण पूर्ण त्याचं. काय करायचं हे ठरवणं, सामान आहे का बघणं, नसेल तर आणणं, करणं, वाढणं, उरलेलं काढून ठेवणं, ओटा पुसणं, आणि दुसऱ्या दिवसासाठी काही भिजवायचं असेल तर ते भिजवणं. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जायचं नाही. त्याने आतून हाक मारून विचारायचं नाही. जे विचारायचं ते रविवारी.

रविवार शिकण्याचा. त्या दिवशी तो ओट्यापुढे आणि मी स्टुलावर, हात मांडीवर ठेवून. इतकी वर्षं जवळून बघूनही त्याला फोडणी येत नव्हती, आणि त्यात नवल नाही. फोडणी डोळ्यांनी कळत नाही. तेल किती तापलं हे मोहरीच्या पहिल्या दाण्यावरून कळतं, ती पूर्ण तडतडायची वाट बघावी लागते, मग जिरं, हिंग, आणि हळद अगदी शेवटी, गॅस बारीक करून, कारण मोहरी सोसते तेवढी आच हळद सोसत नाही. ती क्षणात जळते आणि सगळ्या भाजीला कडू करते. जळक्या हळदीचा वास एकदा स्वतःच्या कढईतून आला की मग हात आपोआप आधी गॅसकडे जातो.

मला वेगळीच अडचण आली. माझं सगळं अंदाजाने होतं. "थोडं मीठ" म्हणजे किती, हे मलाच सांगता येईना. मग मी माझाच हात मोजायला लागले. आमटीला घालते ते मीठ आधी मुठीत घ्यायचं, मग चहाच्या चमच्यात ओतायचं. सपाट सव्वा चमचा निघाला. एक वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवून, कुकरच्या डब्यात अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग, थेंबभर तेल. शेजारच्या डब्यात वाटीभर तांदळाला दोन वाट्या. तळाला दोन पेले. तीन शिट्ट्या, मग बारीक आचेवर पाच मिनिटं, आणि वाफ आपली आपण जिरेपर्यंत झाकणाला हात नाही. हे सगळं कागदावर आलं, तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आपल्या आयांनी हे कधी कोणाला कागदावर दिलंच नाही. मुलीला हाताखाली घेऊन हातातून हातात दिलं, आणि मुलगा हाताखाली कधी आलाच नाही.

सुरुवातीच्या संध्याकाळी खिचडी फार झाली. जेवायला उशीर व्हायचा, लेक भुकेली व्हायची. एकदा आतून करपल्याचा वास आला आणि मी दिवाणखान्यात खुर्चीला धरून बसून राहिले. सगळ्यात अवघड भाग हाच, असं मी कोणालाही सांगेन. आत जाऊन दोन मिनिटांत सगळं सावरता येत असताना न जाणं. गेले असते तर त्या दिवसाचं जेवण वाचलं असतं आणि तो पुन्हा फ्रिजला टेकला असता. त्याने करपलेलं पातेलं बाजूला ठेवलं, पोहे केले, पातेलं घासलं. लेकीने पोहे खाल्ले आणि काही बिघडलं नाही.

लेकीचा यात वेगळा हातभार लागला. तिच्या दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडत बसल्याचं चित्र होतं. २०१९ साली पुस्तक नवं आलं तेव्हा या चित्रांची बरीच चर्चाही झाली होती. ती ते चित्र घेऊन बाबाजवळ बसायची आणि दोघं मेथी निवडायचे. तिच्या वयाला असताना माझ्या पुस्तकात बाबा पेपर वाचत होते. चित्राने घर बदलत नाही हे मला कळतं, पण मुलांना त्यात काही विचित्र वाटेनासं होतं, हेही थोडं नाही.

पोळ्यांचा प्रश्न बराच काळ तसाच होता. डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. ती उघडल्यावर त्याच्या वारी पोळ्या तिथून यायच्या. माझ्या मैत्रिणींना ही पळवाट वाटली, मला वाटली नाही. ठरवणं त्याचं, ऑर्डर त्याची, जाऊन आणणं त्याचं. माझ्या डोक्यावर त्यातलं काही नव्हतं. पुढे तो फुलके शिकला. दोन वाट्या कणकेला वाटीभरापेक्षा थोडं कमी पाणी, आणि मळून अर्धा तास झाकून ठेवणं. तो अर्धा तास ठेवला नाही तर पोळी लाटताना आक्रसते, हे त्याने स्वतः शोधून मला सांगितलं.

मग सासूबाई राहायला आल्या. पहिल्याच मंगळवारी त्यांनी तो घरी यायच्या आत कुकर लावला, भाजी टाकली. "दमून येतो गं तो. मी आहे ना." मीही दमूनच येते, हे माझ्या तोंडावर आलं होतं. मी बोलले नाही, कारण हे बोलायचं होतं त्याने. आणि तो बोलला. "आई, आज माझा वार आहे. तू बस, मी करतो." त्या रुसल्या. दोन दिवस ओट्याकडे फिरकल्या नाहीत. सुनेने सांगितलं असतं तर ते भांडण झालं असतं. मुलाने सांगितल्यावर त्यांना विचार करावा लागला.

गुरुवारी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि बघता बघता बोलायला लागल्या. सासरे गिरणीत होते. लग्नाआधी लालबागला गाववाल्यांच्या खोलीवर राहायचे आणि खानावळीत जेवायचे. १९८२ च्या संपात पगार थांबला तेव्हा सासूबाईंनी नोकरदारांचे डबे करून घर चालवलं. "तेव्हा ह्यांनी मला पहिल्यांदा विचारलं, घरात काय करूया म्हणून. डब्याचे पैसे येत होते ना." गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. तोच भात, तीच आमटी. दुसऱ्याच्या ताटात गेली की तिला महिन्याचा दर, घरच्या ताटात काही नाही. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात गृहिणीच्या कामाचं उत्पन्न मोजायलाच हवं असं म्हटलं, आणि निकालात त्याच पाहणीतले २९९ आणि ९७ हे आकडे आले. मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कोर्टाला आता कळलं होय." त्यानंतर त्या त्याला सांगायच्या, पण करून द्यायच्या नाहीत. आमसुलाचं सार तो त्यांच्याकडून शिकला.

आता त्याला काम दिसतं. स्टेशनबाहेर मेथी चांगली दिसली तर तो विचारायला फोन करत नाही, घेऊन येतो, आणि रात्री बातम्या बघत निवडून फडक्यात गुंडाळून ठेवतो. मोहरी संपायच्या आत येते. कधी माझ्याच वारी मी मटकी भिजवायला विसरले तर ती भिजलेली असते.

काही गोष्टी मात्र अजून सलतात. घरी कोणी आलं आणि त्याने वाढलं की सगळे मला म्हणतात, "नशीबवान आहेस हं." इतक्या वर्षांत त्याला कोणी म्हटलेलं नाही की बायको रोज स्वयंपाक करते, नशीबवान आहेस. आणि देशाच्या आकड्यांत फारसा फरक नाही. २०२४ च्या पाहणीत बायका २८९ मिनिटांवर आल्या, पण पुरुषही ९७ वरून ८८ वर उतरले.

आमच्याकडे सणवार अजून माझ्याकडेच आहेत. गौरीच्या जेवणाचं गणित अजून मीच मांडते, आणि हे मला मान्य नाही, हे मी त्याला सांगितलं आहे. यंदा दिवाळीच्या फराळाची यादी दोघांनी बसून केली. चिवडा, शेव आणि शंकरपाळे त्याचे, चकल्या माझ्या. करंज्या कोणाच्या यावर अजून बोलणं चालू आहे. त्याचं म्हणणं विकत आणाव्यात, माझं म्हणणं दोघांनी मिळून घरी कराव्यात. भाजणीचं दळण मात्र या शनिवारी तो टाकणार आहे.