फोटो पाडायचा की काढायचा?

आमच्या घरात फोटो पाडतात. आईचा जन्म दांडिया बाजारातला, सगळं आयुष्य बडोद्यात गेलं. ‘फोटो काढ’ म्हटलं की ती भिंतीवरच्या तसबिरीकडे बघते. गुजराती शेजारी फोटो पाडतात, हिंदीवाले खींचतात, इंग्रज ‘टेक’ करतो आणि ऑफिसातली पोरं ‘आय क्लिक्ड अ फोटो’ म्हणतात. हे शेवटचं लाल पेनाने खोडण्याचा मला पगार मिळतो.

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मी पंपांच्या मॅन्युअलचं इंग्रजी तपासते. ‘शॅल’ म्हणजे केलंच पाहिजे, ‘शुड’ म्हणजे केलेलं बरं. एवढ्याशा फरकावर समोरचा माणूस व्हॉल्व्ह बंद करतो किंवा करत नाही. कामात मजा आहे, खोटं कशाला बोलू! पण रात्री मराठी लिहायला बसले की कागदावर उतरतं, ‘फुले विकली जात होती’. कोण विकत होतं? पत्ता नाही. पंपाला कर्ता लागत नाही ना.

फुलं खंडेराव मार्केटची. १९०६ सालची ती दिमाखदार इमारत सगळ्यांना ठाऊक आहे, मी जाते फुलबाजारात. रविवारी, सकाळी सहाला. हार ओवणारे हात शटर सेकंदाच्या एक साठांशला ठेवलं की धूसर होतात, एक पाचशांशला सुईसुद्धा थिजते. मला धूसरच आवडतात. अडचण घरी आल्यावर येते. चाळीस फोटो असतात आणि लिहायला एक ओळ नसते. झेंडूचा भाव काय होता, फुलवाल्या मावशी कुणावर ओरडत होत्या, काही आठवत नाही. एक डोळा मिटला की माझे कानही मिटतात.

याच गावातले ज्योती भट्ट मुळात चित्रकार. १९५० साली सुरू झालेल्या इथल्या फाइन आर्ट्समध्ये शिकले, तिथेच शिकवलं आणि गावोगावच्या रांगोळ्या, रंगवलेल्या भिंती, गोंदणं कॅमेऱ्याने टिपत राहिले. त्यांना सगळं जमलं. त्यांना कुणी ‘शॅल’ आणि ‘शुड’ तपासायला बसवलं नव्हतं, अशी मी आपली समजूत घालते.

म्हणून वाटणी केली. एक रविवार कॅमेऱ्याचा, एक वहीचा.

गेला रविवार वहीचा होता. मावशींचा नातू झेंडूच्या पोत्यांवर आडवा झोपलेला, गालावर एक पाकळी, आणि उन्हाची तिरीप नेमकी तिथे. मी पेन काढलं. मावशी म्हणाल्या, “बेन, आजे फोटो नथी पाडवो?”

मोबाइल पर्समध्ये होताच.

घरी आईला दाखवला. “छान पाडलायस गं,” ती म्हणाली. “आणि लिहिलंस काय?”

वहीत एकच ओळ होती : ‘पोत्यांवर एक मूल निजलेले आढळले.’