आमची वाटचाल : फराळाच्या परातीपासून डोनटपर्यंत

कोल्हापुरातला आमचा डोनटचा उद्योग दिवाळीच्या फराळातून निघाला. थोरल्या जाऊबाई आणि मी चकली, शंकरपाळे, अनारसे यांच्या ऑर्डरी घेत असू. परंतु सण सरले की कढया पालथ्या पडत आणि मदतीला येणाऱ्या बायकांना काम उरत नसे. वर्षभर खपेल असा पदार्थ हवा होता. मुलांच्या वाढदिवसांना डोनट मागवण्याची रीत तोवर रुळली होती आणि मैदा, साखर, तळण या तिन्हींच्या नावाने बोटे मोडणारे आईवडीलच ते डबे घरी नेत होते. मैदा कमी, वरची गोडी बेताची आणि माल रोजचा ताजा, एवढे सांभाळले तर हे गिऱ्हाईक आपल्याकडे येईल, असा आमचा अंदाज होता. वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांच्या आतली असल्याने अन्न सुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरेशी ठरली आणि स्वयंपाकघरामागच्या खोलीतच काम सुरू झाले.

डोनट हलका होतो तो मैद्याच्या चिवटपणामुळे. मळताना पिठात जे ताणले जाणारे जाळे तयार होते, त्यात यीस्टने सोडलेला वायू अडकतो आणि गोळा फुगतो. चक्कीवरच्या गव्हाच्या पिठातला कोंडा नेमके हेच जाळे तोडतो आणि पाणीही जास्त पितो, म्हणून नेहमीच्या मापाने भिजवलेल्या कणकेचा डोनट दडस होतो. आम्ही दोन भाग गव्हाचे पीठ आणि एक भाग मैदा घेतो, पीठ आधी नुसत्या पाण्यात सैलसर कालवून झाकून ठेवतो, कोंडा भिजून मऊ झाला की मगच यीस्ट, गूळ, मीठ आणि लोणी घालून मळतो आणि गोळा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. थंडीत पीठ सावकाश फुगते, त्याला किंचित आंबूस चव येते आणि त्यामुळे गोडी कमी असल्याचे खाणाऱ्याला जाणवत नाही. निव्वळ खपली गव्हाचा फुगीर डोनट मात्र आम्ही करत नाही; खपलीचे जाळे नाजूक असते, तिचा खुसखुशीत, केकच्या जातीचा डोनटच चांगला लागतो.

अंडे घातले तर पाकिटावरचा हिरवा ठिपका जातो आणि आमच्या गिऱ्हाइकांपैकी बरीच मंडळी शनिवार-चतुर्थी पाळणारी. अंड्याने येणारा मऊपणा आणायचा कसा, याचे उत्तर जाऊबाईंच्या घारग्यांत सापडले. लाल भोपळा पाणी न घालता वाफवून, फडक्यात बांधून निथळत ठेवायचा आणि तो लगदा कणकेत मळायचा. डोनट दुसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही, रंगही सुरेख येतो.

गुळाबाबत थोडे अधिक सांगणे भाग आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि मार्केट यार्डातले सौदे आमच्या हाकेच्या अंतरावर होतात, त्यामुळे माल निवडून घेता येतो. दिसायला पिवळाधमक गूळ आम्ही टाळतो, कारण तो रंग बहुधा रसायनाने उजळवलेला असतो. तपकिरी, किंचित खारट चवीचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, घेतो. तो थोड्या पाण्यात विरघळवून गाळला की चिपाडाचे बारीक कण आणि कधी वाळूही गाळणीत राहते. हा पाक हाताला कोमट लागेपर्यंत थांबावेच लागते, कारण गरम पाकात यीस्ट मरते. प्रत्येक रव्यातला ओलावा वेगळा असल्याने पाण्याचे माप रोज हातानेच ठरवावे लागते. पावसाळ्यात तर गुळाचा लेप हवेतले पाणी ओढून पाझरतो, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही वर लेप न लावता भाजलेले तीळ आणि खोबऱ्याचा कीस लावतो.

तळण आम्ही सोडलेले नाही. ओव्हनमध्ये भाजलेला डोनटही मिळतो, पण तो पावाच्या जवळ जातो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. तळताना तेल १७५ ते १८० अंशांवर ठेवावे लागते. तापमान उतरले की पीठ तेल पिऊ लागते. लाकडी घाण्याच्या तेलात तळा, असा आग्रह पुष्कळजण धरतात. ते तेल वरणभातावर उत्तम; परंतु एवढ्या आचेवर त्यातून लवकर धूर निघतो, म्हणून तळणाला रिफाइंड शेंगदाणा तेलच बरे. वारंवार तापवलेल्या तेलात तयार होणाऱ्या ध्रुवीय घटकांचे, म्हणजे तेल किती बिघडले हे दाखवणाऱ्या द्रव्यांचे, प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही, असा नियम आहे. आम्ही तेवढी वेळच येऊ देत नाही. उरलेले तेल दिवसाअखेर बाजूला काढतो आणि बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांना देतो.

एका व्यायामशाळेने मोठी मासिक ऑर्डर देऊ केली होती, अट एकच की पाकिटावर ‘शुगर फ्री’ छापायचे. घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमच्या आत असेल तरच तसे म्हणता येते आणि गुळातही बहुतांश साखरच असते. ती ऑर्डर आम्ही घेतली नाही. माझ्या मते ‘हेल्दी’ हा शब्दही डोनटवर शोभत नाही. आधीपेक्षा बरा, एवढेच खरे. खरा फरक पडतो तो आकाराने. आमचा डोनट सुमारे ४० ग्रॅमचा आहे आणि त्यावरून ‘एवढासाच?’ हा प्रश्न अजूनही येतो, तेव्हा जाऊबाई सांगतात की दोन घ्या, पण दुसरा उद्या खा. संरक्षक द्रव्य नसल्याने परवापर्यंत मात्र तो ठेवू देत नाहीत.