सावंतवाडी ते ओल्ड गोवा, काहीही न मागता

पंढरपूरची वारी सगळ्यांना माहितीये, पण नोव्हेंबर संपत आला की सिंधुदुर्गातून आणि बेळगावकडून आमचे ख्रिश्चन लोक पण चालत निघतात हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. जायचं ओल्ड गोव्याला, गोंयच्या सायबाच्या म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे सणाला. फेस्त 3 डिसेंबरला, त्याआधी 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. 2024 ला तर दहा वर्षांनी येणारं शवप्रदर्शन, म्हणजे सायबाच्या जपून ठेवलेल्या शरीराचं दर्शन पण होतं, त्यामुळे गर्दी विचारूच नका. आम्ही सावंतवाडीहून निघालो, साठेक किलोमीटर, पुढे क्रूस आणि मागे सामानाचा टेम्पो.

माझं आधी सांगते. कोविडमध्ये नवऱ्याची बोटीवरची नोकरी गेली, घराचं लोन तसंच, आणि मग आईचं आजारपण. मी आंगवण, म्हणजे नवस केलेला की आई उठून बसली तर सायबाकडे चालत येईन. आई गेली. मग आता कशाला चालतेस असं घरातल्याच एकीने विचारलं आणि माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. मुलांना चर्चमध्ये मिसाला, म्हणजे रविवारच्या उपासनेला सोडायचे आणि मी बाहेर स्कूटरपाशी थांबायचे असं कितीतरी महिने चाललेलं. देव नाही असं कधी वाटलं नाही हां, पण त्याच्याशी बोलायची इच्छाच उरली नव्हती, आणि वर लोक येऊन सांगणार की विश्वास ठेव सगळं मिळेल, त्याचा तर इतका राग यायचा! माझ्या आईपेक्षा जास्त विश्वास कुणाचा होता?

चालताना तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना चालू असते. पुढचे लोक नमान मोरिये म्हणत अर्धी प्रार्थना करतात, उरलेली अर्धी मागचे पूर्ण करतात, असं दहा वेळा, मग आमच्या बापा, मग परत दहा. इन्सुली गेलं, बांदा आलं तरी माझ्या तोंडातून शब्द नाही. शेजारी एक मामी चालत होत्या, सत्तरीच्या असतील, पायात साध्या चपला. त्यांच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "गो बाय, तू गप ऱव, आमी म्हणतंव. तुका जमात तेवा म्हण." बास, एवढंच. ना उपदेश, ना काय झालं म्हणून चौकशी. आणि मला एकदम हलकं वाटलं, कारण मी इतके दिवस समजत होते की मी म्हटली नाही तर प्रार्थना थांबली, इथे तर ती माझ्याशिवाय पत्रादेवीच्या चेकपोस्टवरून बिनधास्त पुढे गेली!

धारगळच्या आसपास एका घरी तुळशीवृंदावनापुढे टेबल मांडून कोकम सरबत देत होते, हिंदू कुटुंब, दरवर्षी देतात म्हणे. कोलवाळचा पूल, म्हापसा, आणि पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामाची धूळ, तो टप्पा आठवायला पण नको.

रात्री हॉलमध्ये पाय गरम पाण्यात घालून बसलेलो तेव्हा फादरनी सायबाच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट सांगितली. शाळेत कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला आम्हाला नेहमी चमत्कार आणि न कुजलेलं शरीर एवढंच सांगायचे. हा माणूस जपानमध्ये जाऊन आलेला आणि आता त्याला काहीही करून चीनमध्ये जायचं होतं. 1552 मध्ये तो किनाऱ्याजवळच्या सांशियान बेटावर येऊन थांबला, चोरून पलीकडे नेणाऱ्या एका व्यापाऱ्याशी बोलणं झालेलं, पण तो आलाच नाही. थंडी, ताप, एक झोपडी, सोबतीला अंतोनियो नावाचा चिनी तरुण. 3 डिसेंबरला गेला, वय 46. म्हणजे ज्याच्याकडे आपण मागायला जातो त्याचंच शेवटचं मागणं पूर्ण झालेलं नाही, आणि फेस्त नेमकं त्याच तारखेला. मला रात्रभर झोप लागली नाही, पायांमुळे पण असेल म्हणा.

मांडवी ओलांडून रायबंदरच्या जुन्या बांधावरून चालताना, हा सतराव्या शतकातला, तीनेक किलोमीटरचा, मी पहिल्यांदा मामींच्या मागून उरलेली अर्धी म्हटली. ठरवून नाही, निघालं तोंडातून. दहा वेळा म्हणून झालं आणि परत गप्प.

से कॅथेड्रलमध्ये रांग एवढी की दर्शन म्हणजे दोन-चार सेकंद, स्वयंसेवक चला चला करतात. मी काही मागितलं नाही, आईचं नाव घेतलं आणि पुढे सरकले.

राग गेला का? नाही, सगळा नाही. लोन पण आहेच. पण रविवारी आता स्कूटरपाशी नाही थांबत, आत जाते, मागच्या बाकावर बसते, जमेल तेवढं म्हणते. कुणाला यायचं असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपल्या चर्चमध्ये चौकशी करा, आणि नवीन शूज घालून अजिबात येऊ नका.