ब्रेक दाबला की थांबणारा आवाज

रत्नागिरीतल्या माझ्या गॅरेजमध्ये समुद्रकाठच्या गावांतून येणाऱ्या जुन्या गाड्यांचे काम जास्त असते, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांची तक्रार त्या दारात उभ्या राहण्याआधीच ऐकू येते. १९९८ सालच्या त्या पांढऱ्या मारुती ८०० चे तसे नव्हते. ती आत आली तेव्हा तिचा काहीही आवाज येत नव्हता, आणि मालकांच्या चेहऱ्यावर मात्र खूप दिवस एकाच गोष्टीने छळलेल्या माणसाचा थकवा दिसत होता.

ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक. सगळे गाव त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो. पुढच्या डाव्या चाकाच्या बाजूने मधूनच ‘टक्’ असा कोरडा, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येतो, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्याकडे येण्याआधी गाडी इतर ठिकाणी फिरून आली होती. दोन्ही शॉकॲब्सॉर्बर, त्यांची वरची माउंटिंग, लोअर आर्मचे बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर बारचे सगळे बुश (जोडांतली रबरे) आणि शेवटी ब्रेक पॅड, इतके सगळे बदलून झाले होते. यांतला एकही भाग उगाच बदललेला नव्हता. अशा आवाजाला यांपैकी कोणताही भाग कारणीभूत असू शकतो. तरीही आवाज होता तसाच होता.

“मिस्त्री, हलका ब्रेक दाबला की आवाज थांबतो. म्हणजे दोष ब्रेकचाच, असे सगळे सांगतात,” गुरुजी म्हणाले. हे सांगणाऱ्यांचे चूक म्हणता येत नाही. पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे त्यांना डिस्कवर दाबणाऱ्या पकडीत, सैल बसले असतील तर खडबडीत रस्त्यावर ते खडखडतात आणि पेडलवर नुसता पाय ठेवला तरी डिस्कवर दाबले जाऊन गप्प होतात. आमच्या धंद्यात ही खूण प्रत्येकजण पहिल्या वर्षातच शिकतो. मी चाक काढून पॅड, त्यांच्या क्लिपा आणि कॅलिपरच्या पिना पाहिल्या. सगळे नवे होते, नीट बसवलेले होते, आणि पिनांना ग्रीससुद्धा होते.

पुढची वाट मला गुरुजींच्या एका छोट्या वहीने दाखवली. आवाज कुठे येतो आणि कुठे येत नाही, याची नोंद ते शिक्षकाच्या शिस्तीने ठेवत होते. सपाट रस्त्यावर, ॲक्सिलरेटर सोडलेला असताना खड्डा लागला की आवाज येतो. गाडी थांबवून पुन्हा पुढे काढताना एकदाच येतो, आणि रिव्हर्स टाकल्यावरही एकदाच. इथपर्यंतचे सगळे पॅडलाही लागू पडते. पण त्याखाली एक ओळ होती, आणि ती मी परत परत वाचली: चढावर रस्ता कितीही खराब असला तरी आवाज येत नाही.

पॅडला चढ-उतार कळत नाही. चढावर ब्रेक दाबलेला नसतो, म्हणजे सैल पॅड तिथेही तितकेच खडखडायला हवेत. चढावर वेगळे काय घडते, तर इंजिन पुढच्या चाकांना सतत जोर देत असते. मारुती ८०० पुढच्या चाकांनी चालते, त्यामुळे त्या जोराने चाके गाडीच्या अंगापासून पुढे ओढली जातात. ब्रेक दाबला की नेमके उलटे होते आणि चाके मागे रेटली जातात. या दोन्ही वेळी आवाज बंद असेल आणि मधल्या, कुठलाच जोर नसलेल्या अवस्थेतच येत असेल, तर चाकाला पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या साखळीत कुठेतरी मोकळीक आहे, आणि जोर ज्या दिशेने पडेल त्या टोकाला ती चिकटून बसते.

या गाडीच्या पुढच्या चाकांची रचना साधी आहे. वर स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचा उभा खांब, आणि खाली एकच सरळ लोअर आर्म. तो चाकाला आडव्या दिशेने धरतो, पण पुढे-मागे धरण्याची ताकद त्या एकट्या आर्ममध्ये नाही. ते काम स्टॅबिलायझर बार करतो. बारची दोन टोके दोन्ही आर्ममध्ये बुश आणि नट लावून अडकवलेली असतात आणि मधला भाग पुढच्या बाजूला दोन क्लॅम्पनी गाडीच्या पत्र्याला बांधलेला असतो. इतर अनेक गाड्यांत हा बार फक्त वळणावर गाडी कलू नये म्हणून असतो. इथे मात्र ब्रेकचा पुष्कळसा ताण त्याच्याच वाटेने गाडीच्या सांगाड्यात जातो.

हा तर्क खरा आहे का, हे आधी पाहायला हवे होते. मारुतीचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. गॅरेजमागच्या कच्च्या रस्त्यावर मी हँडब्रेक दोन दात ओढून, इंजिनाचा जोर लावत गाडी सावकाश चालवली. पुढच्या पॅडना कोणी हात लावलेला नव्हता, पुढची चाके मात्र पुढे ताणलेली होती. आवाज थांबला. हँडब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि पुढच्याच खड्ड्यात ‘टक्’ ऐकू आले. ब्रेक पॅडचा विषय तिथे संपला. शेजारी बसलेले गुरुजी काही बोलले नाहीत, पण त्यांनी वही उघडून वेळ लिहून ठेवली.

आता जागा शोधायची होती. गाडी जॅकवर चढवून टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, हिसके देणे ही आमची नेहमीची पद्धत, आणि ती इथे काहीच दाखवत नव्हती, कारण चाक लोंबकळत असताना आर्म खाली ओढला जातो, बाराला पीळ पडतो आणि बारीक मोकळीक त्या पिळात दडून जाते. म्हणून गाडी चारही चाकांवर उभी असतानाच पाहायचे ठरवले. ती गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्या आणि हँडब्रेक पूर्ण ओढला. मग बाराच्या वाटेवरच्या प्रत्येक जोडावरून पांढऱ्या रंगाची एकेक बारीक रेघ मारली: आर्मवरून नटावर, बारावरून बुशवर, क्लॅम्पवरून बोल्टवर, आणि बोल्टवरून पत्रा ओलांडून सांगाड्यापर्यंत. रंग वाळल्यावर माझ्या सहकाऱ्याने स्टिअरिंगवर बसून आधी पहिला गिअर आणि मग रिव्हर्स टाकून क्लच हळूहळू अर्धा सोडला. मी खड्ड्याच्या टोकाला, गाडीच्या अंगाखाली न जाता, बॅटरीच्या उजेडात पाहत होतो.

आर्मवरची रेघ सलग राहिली. बुशवरची किंचित ताणली गेली, आणि रबराने तेवढे द्यायलाच हवे. क्लॅम्प आणि बोल्ट यांच्यावरची रेघ जशीच्या तशी होती. तुटली ती शेवटची. बोल्ट ज्या पत्र्यात घट्ट बसला होता तो पत्राच, बोल्टासकट आणि क्लॅम्पसकट, सांगाड्यापासून पुढे-मागे सरकत होता. आधीच्या प्रत्येक कारागिराने त्या बोल्टांना पाना लावून पाहिला असणार, आणि ते प्रत्येकाला घट्टच लागले असणार, कारण ते खरोखर घट्ट होते.

त्या जागेवर काळ्या अंडरकोटिंगचा, म्हणजे गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला फासतात त्या लेपाचा, जाड थर होता. बाहेरून तो इतका स्वच्छ दिसत होता की तिथे खरवडून पाहावे असे कोणाच्या मनात येणे कठीण. मी पटाशीने थर काढला आणि आतून तांबूस भुकटी गळली. दोन पत्रे सतत एकमेकांवर घासत राहिले की अशी भुकटी तयार होते, नुसत्या साध्या गंजाच्या पापुद्र्यापेक्षा ती बारीक आणि कोरडी असते. त्याखाली स्पॉट वेल्डिंगच्या टिपक्यांना, म्हणजे दोन पत्रे जिथे जिथे जोडलेले असतात त्या ठिपक्यांना, वळसा घालून गेलेली भेग दिसली. बहुतेक टिपके सुटले होते, आणि जे शिल्लक होते त्यांच्या भोवतीचा पत्रा नखाने दबत होता. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यात खारी हवा, आणि क्लॅम्पच्या मागच्या खोबणीत जांभ्याची लाल माती साचून ओली राहते. गंजलेल्या पत्र्यावर कोटिंग फासणे हे संरक्षण नाही, असे माझे ठाम मत आहे. त्याने ओल आत कोंडली जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या माणसाच्या नजरेपासून दोष लपतो.

मी गुरुजींना खड्ड्याशी बोलावून भेग दाखवली. ब्रेक दाबल्यावर आवाज थांबतो याचा अर्थ त्यांनी, आणि साहजिकच इतरांनीही, त्या वेळी सगळे ठीक होते असा घेतला होता. खरे तर ब्रेक दाबल्यावरच त्या कुजलेल्या पत्र्यावर सर्वांत जास्त ओढ येत होती, आणि ती ओढ होती म्हणूनच तो गप्प बसत होता. ते या गाडीने आंबा घाटातून कोल्हापूरला पत्नीला तपासणीसाठी नेत असत. उतरताना घाटात आवाज येत नाही, म्हणून तेवढ्यापुरते त्यांना बरे वाटायचे. तिथे एखाद्या जोरदार ब्रेकला उरलेले टिपके सुटले असते तर चाक मागे कमानीवर जाऊन आदळले असते आणि स्टिअरिंग हातातून ओढले गेले असते. हे ऐकल्यावर गुरुजी बराच वेळ खड्ड्याच्या कडेला उभे होते. मग त्यांनी एवढेच विचारले, “आज गाडी इथेच ठेवतो. दुरुस्त होण्यासारखी आहे का?”

होती. सांगाड्याचा आतला पत्रा धड होता, ही त्यातली जमेची बाजू. बॅटरीच्या वायरी सोडवून आमच्या डेंटरने कुजलेला भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापून काढला. मूळ पत्र्याच्या मापाने जाड पत्रा बेतला, नवा नट मागून वेल्ड केला आणि सीओटू वेल्डिंगने (विजेच्या ठिणगीने होणाऱ्या जोडकामाने) तुकडा कडेने आणि भोके पाडून मधूनही जोडला. गॅस वेल्डिंग मी मुद्दाम टाळले, कारण त्याची उष्णता लांबवर पसरून आजूबाजूचा जुना पत्रा वाकवते. उजव्या बाजूचे कोटिंगही खरवडले, तेव्हा तिथे दोन टिपक्यांपाशी भेगेची सुरुवात सापडली, म्हणून तीही बाजू करून घेतली. प्रायमर, सांध्यांना सीलर आणि पोकळीत मेण मारल्यावर बारचे बोल्ट गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असतानाच आवळले. चाक लटकते ठेवून आवळले तर रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि नवा बुश लवकर फाटतो. शेवटी व्हील अलाइनमेंट करून गाडी त्याच कच्च्या रस्त्यावर नेली. ब्रेक न लावता, ॲक्सिलरेटर सोडून, एकेका खड्ड्यातून ती गुरुजींनी स्वतः चालवली. आवाज नव्हता.

हे किती दिवस टिकेल, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना जोडाची हमी दिली, पण आजूबाजूच्या जुन्या पत्र्याची दिली नाही. दर पावसाळा संपला की क्लॅम्पच्या मागची माती पाण्याने धुऊन, जागा कोरडी करून मला दाखवायची, आणि त्यावर कोणालाही काळे कोटिंग मारू द्यायचे नाही, असे आमचे ठरले.