वारकऱ्यांची दिंडी

रविवार, रात्री साडेनऊ

साडेपाचला निघायचं ठरलं होतं, निघालो सव्वासहाला. चांदोरी येईस्तोवर उजाडलं. निफाडकडची थंडी म्हणजे काय ते आज कळलं. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवलेल्या, धूर पार रस्त्यावर उतरलेला. ईशानला फ्लेमिंगो बघायचे होते म्हणून नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. सासूबाई आल्या त्या वाटेत सायखेडा लागतं म्हणून. त्यांचं माहेर ते.

आणि फ्लेमिंगो नव्हतेच! दुर्बीण घेऊन सोबत आलेला गावातला मुलगा म्हणाला, "रोहित ना? या आठवड्यात नाही दिसले." झालं, ईशानचं तोंड फुगलं. मनोऱ्याच्या पायरीवर बसून राहिला. मग त्या पोराने शांतपणे स्टँडवरची दुर्बीण खाली केली नि म्हणाला, "वारकरी तर बघ."

कोंबडीएवढा काळा पक्षी, पांढरी चोच आणि कपाळावर पांढरा ठिपका. आईंनी डोळा लावला आणि हसल्याच, "अगं बाई, गंध लावलंय!" उडायचं झालं की हे महाराज आधी पाण्यावर धावत सुटतात, पळता पळताच वर उठतात. एक काठावर आला तेव्हा पाय दिसले. बदकासारखे नाहीत, प्रत्येक बोटाला वेगळी झालर. तेवढ्यात वरून दलदलीतला शिकारी भोवत्या घिरट्या घालत आला. पसरलेले शे-दीडशे वारकरी क्षणात एकमेकांना खेटले, सगळा काळा पुंजका पाणी उडवत सरकू लागला. "दिंडी निघाली," आई म्हणाल्या. ईशान केव्हाच उठून उभा होता.

गंमत अशी की ही जागा गाळाने घडवलेली. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला तो शेतीच्या पाण्यासाठी. नद्या गाळ आणत राहिल्या, पाणी उथळ झालं, बेटं वर आली, लव्हाळी माजली. पाटाच्या हिशेबात हा तोटाच. शेकाट्या, चमच्यासारख्या पक्ष्यांना मात्र घोटाभर पाणी नि खाली चिखल, आणखी काय हवं? 1986 मध्ये अभयारण्य झालं, 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा.

त्याच गाळात ईशानचा डावा बूट अडकला. पाय बाहेर, बूट आत. त्याच्या बाबांनी काठीने उकरून काढला, तोवर मी फक्त ओरडत होते.

परतताना सायखेड्याच्या पुलावर आईंनी गाडी थांबवायला लावली. खाली गोदावरीत हिरव्यागार पाणवेली. मी म्हटलं, किती छान दिसतंय. त्या म्हणाल्या, "छान कसलं! पुराच्या वेळी याच पुलाला अडकतात. आमच्या लहानपणी गंगेत तळ दिसायचा. तुमच्या नाशकाची घाण खाऊन माजल्यात त्या." लग्नाला चाळीस वर्षं झाली, सगळी नाशकात गेली, तरी आज नाशिक 'तुमचं'. मी काही बोलले नाही. डब्यातला चिवडा पुढे केला, तो त्यांनी घेतला.

घरी आल्यावर मोरीत बूट धुवायला बसले. एवढा चिखल कुठे मावला होता कोण जाणे. ईशान शेजारी उकिडवा बसून जाळीतून खाली जाणारं काळं पाणी बघत होता.

"आई, हे आता वारकऱ्यांकडे जाणार?"

"पाय धू आधी," म्हटलं.