फ्रीस्टाईलमध्ये बोटं नाही, कोपर बघा

उन्हाळ्याची बॅच सुरू झाली की पूलच्या कडेला उभे असलेले आईबाबा हमखास एक गोष्ट सांगतात, "त्याला जरा बोटं जुळवून ठेवायला सांगा ना, फटीतून पाणी जातंय सगळं." त्यांना तसं वाटणं साहजिक आहे, आपल्या सगळ्यांनाच तसंच शिकवलेलं असतं, गावाकडच्या विहिरीवर शिकलेलो असू नाहीतर महापालिकेच्या टँकवर, बोटं घट्ट, पंजा खोलगट आणि मार हात. पण मुलगा डिस्ट्रिक्ट, स्टेटची तयारी करत असेल, 100 मीटरला दोन सेकंद कमी करायचे असतील तर ते दोन सेकंद बोटांच्या फटीत नाहीयेत. ते कोपरात आहेत. हे मला इतक्या वेळा सांगावं लागतं की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

आधी बोटांचं संपवून टाकू. हाताच्या मॉडेलवर आणि कॉम्प्युटर सिम्युलेशनवर यावर बरंच संशोधन झालंय आणि त्यातून सारखं हेच दिसलंय की बोटं अगदी चिकटवण्यापेक्षा काही मिलिमीटरची फट ठेवली तर पंजाला पाण्याचा रोध उलट किंचित जास्त मिळतो. कारण पाणी इतक्या बारीक फटीतून सहज निसटत नाही, प्रत्येक बोटाला लागून असलेला थर तिथे अडतो आणि पंजा आहे त्यापेक्षा रुंद असल्यासारखा काम करतो. फट फार मोठी केली की मात्र हा फायदा जातो. म्हणजे करायचं काय, तर काहीच करायचं नाही, बोटं सैल सोडायची, ती आपोआप जेवढी उघडतात तेवढी बरोबर असतात. बोटं घट्ट आवळली की मनगट आणि फोरआर्म, म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंतचा हात, कडक होतो, फोरआर्म कडक झाला की खांदा, आणि 200 मीटरच्या तिसऱ्या लॅपला तो मुलगा दगडासारखा जड होतो. पंजा खोलगटही नको, सपाट ठेवायचा.

आता मुख्य मुद्दा. फ्रीस्टाईलमध्ये पाणी ढकलायला आपल्याकडे पंजा आहे, आणि पंजाच्या मागे अख्खा फोरआर्म आहे, आणि बहुतेक मुलं फोरआर्म वापरतच नाहीत. हात पाण्यात जातो, पुढे लांबतो, आणि पहिली चूक इथेच होते, कोपर खाली पडतं. कोपर मनगटाच्या खाली गेलं की पंजा पुढच्या दिशेला किंवा तळाकडे बघायला लागतो आणि मुलगा पाणी मागे ढकलायच्या ऐवजी खाली दाबतो. पाणी खाली दाबलं की डोकं आणि छाती वर येते, कंबर आणि पाय खाली जातात, आणि मग तेच आईबाबा म्हणतात "त्याची किक वीक आहे". किक वीक नसते हो! कॅचमध्ये, म्हणजे हात पुढे गेल्यावर पाणी पकडण्यात, गडबड असते.

बरोबर कॅच कसा असतो ते समजून घ्यायचं असेल तर पूलमधून शिडी न वापरता कठड्यावर हात ठेवून अंग वर उचलून बाहेर या आणि तेव्हा कोपर कुठे आहे बघा. पंजे कठड्यावर सपाट, कोपरं वर आणि बाहेरच्या बाजूला. कोपर खाली ठेवून कोणालाही अंग उचलता येत नाही. पाण्यात तेच करायचंय, फक्त आडवं. बोटांची टोकं मनगटाच्या खाली, मनगट कोपराच्या खाली, आणि हा क्रम एन्ट्रीनंतर, म्हणजे हात पाण्यात शिरल्यावर, जितक्या लवकर जमेल तितका चांगला. बोटांपासून कोपरापर्यंतचा भाग उभा झाला की मगच जोर लावायचा. घाई केली, हात पुढे पोचल्या पोचल्या ओढायला सुरुवात केली की कोपर पडलंच म्हणून समजा.

एन्ट्री खांद्याच्या सरळ रेषेत पुढे, बोटांच्या टोकांनी, तळवा खाली. अंगठा आधी घालायची जुनी पद्धत अजूनही बऱ्याच ठिकाणी शिकवतात, ती सोडून द्या, त्यात खांदा प्रत्येक स्ट्रोकला आतल्या बाजूला पिळला जातो आणि रोज तीन-चार हजार मीटर पोहणाऱ्या मुलाच्या खांद्याला ते परवडणारं नाही. हात डोक्याच्या पुढे मधल्या रेषेच्या पलीकडे जाऊ द्यायचा नाही, तसा गेला की अंग सापासारखं डावीउजवीकडे वळत राहतं आणि लेनच्या दोऱ्याला हात लागतात.

आमच्याकडे एक बारा वर्षांची मुलगी आहे, उंचीला कमी, अंगकाठी बारीक, आणि तिच्या वयाची दणकट मुलं तिच्या मागे असतात. तिचा व्हिडिओ पाण्याखालून काढला तेव्हा मला कारण दिसलं. हात पाण्यात गेला की त्याच्याबरोबर हवा आत जाते, पंजाभोवती बुडबुड्यांचा एक पांढरा गुच्छ असतो. तिचा हात पुढे लांबतो तेवढ्या वेळात ते बुडबुडे बोटांवरून सुटून वर निघून जातात, आणि ती कोपर वर ठेवून फोरआर्म उभा करते तेव्हा पंजा अगदी स्वच्छ असतो, एक बुडबुडा नाही. शेजारच्या लेनमधल्या मुलाचा हात मात्र मांडीपर्यंत पांढराच. म्हणजे तो अर्धा वेळ हवा ओढत होता! तेव्हापासून मी कोणाचाही व्हिडिओ बघताना पहिल्यांदा बुडबुडे बघते, मग कोपर, मग बाकी सगळं.

याच्या मागचं गणित अवघड नाही. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि लागणारी पॉवर साधारण घनाने. वेग 10 टक्के वाढवायचा तर पॉवर जवळजवळ 33 टक्के जास्त लागते. एवढी पॉवर मुलाला नुसतं "जोरात मार" म्हणून येणार नाहीये. त्यामुळे जी आहे ती वाया जाऊ न देणं हाच मार्ग उरतो, आणि थोडं पाणी झपकन मागे फेकण्यापेक्षा जास्त पाणी सावकाश ढकलणं कमी खर्चाचं पडतं. जास्त पाणी पकडायचं तर जास्त पृष्ठभाग पाहिजे, आणि तो फोरआर्मकडे आहे. चांगल्या स्विमरला बाजूने बघितलं तर अजून एक गोष्ट दिसते, हात पाण्यात जिथे जातो जवळपास तिथूनच बाहेर येतो. हात मागे गेलेला नसतो, शरीर हातावरून पुढे गेलेलं असतं. ज्याचं कोपर पडतं त्याचा हात मात्र पाण्यातून सरकत मागे जातो, पाणी निसटतं.

इथे जुन्या लोकांचा एक प्रश्न येतो, "पण आम्हाला तर एस आकाराचा पुल शिकवला होता." पुल म्हणजे पाण्याखाली हात ओढत मागे नेणं. हो, शिकवला होता आणि शिकवणारे काही साधे लोक नव्हते. इंडियाना युनिव्हर्सिटीचे कोच जेम्स काऊन्सिलमन, मार्क स्पिट्झचे कोच, यांनी पाण्याखालून फिल्म काढून, अंधारात स्विमरच्या हाताला दिवे लावून हाताचा मार्ग टिपला होता, आणि तो सरळ नव्हता, वळणावळणाचा होता. त्यावरून त्यांनी मांडलं की हात बोटीच्या पंख्यासारखा आडवा फिरून लिफ्ट, म्हणजे हालचालीला काटकोनात मिळणारं बळ, तयार करतो आणि त्यातून बरंचसं बळ मिळतं. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकला स्पिट्झने सात गोल्ड जिंकल्यावर कोण शंका घेणार? जगभर कोचेसनी मुलांना पोटाखाली एस काढायला लावलं.

त्यांनी टिपलेला मार्ग खराच होता. पण शरीर प्रत्येक स्ट्रोकला डावीउजवीकडे रोल होतं, त्यामुळे हात शरीराच्या हिशोबाने सरळ मागे आला तरी पाण्यात त्याची रेघ वळलेली दिसते. ते वळण मुद्दाम काढायची गरज नसते, रोलमधून आपोआप येतं. नंतरच्या काळात पुलमध्ये मुख्य काम पाणी सरळ मागे ढकलण्याचं आहे याकडे बहुतेक कोचेस परत आले, जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत रजत मित्तल यांच्या टीमने कॉम्प्युटरवर दोन्ही प्रकारचे स्ट्रोक तपासले तेव्हाही खोल, सरळ मागे जाणारा पुलच जास्त परिणामकारक निघाला. म्हणून आज कोणी तुमच्या मुलाला पोटाखाली आडवा हात फिरवायला सांगत असेल तर नम्रपणे विचारा की का.

बरं, "हाय एल्बो", म्हणजे कोपर वर, म्हटलं की अजून एक गोंधळ होतो. लोक पाण्यावरचं कोपर बघतात. रिकव्हरीला, म्हणजे हात पाण्यावरून परत पुढे आणताना, कोपर वर, हात दुमडलेला, दिसायला छान, फोटोत तर अजूनच छान. पण मला विचाराल तर पाण्याच्या वर हात कसा येतो याला आपण फार जास्त महत्त्व देतो. अमेरिकेची जॅनेट इव्हान्स आठवा, दोन्ही हात सरळ, पवनचक्कीसारखे फिरायचे, आणि 1988 ला सोल ऑलिंपिकमध्ये 400 मीटरला तिने लावलेलं 4:03.85 हे वर्ल्ड रेकॉर्ड 2006 पर्यंत टिकलं. केलेब ड्रेसेलने टोकियो ऑलिंपिकला 50 मीटर 21.07 मध्ये जिंकली तीही सरळ हातानेच. दुसरीकडे इयान थॉर्प, 2002 ला मँचेस्टरमध्ये 400 मीटर 3:40.08, शांत रिकव्हरी, आणि पाण्याखाली हात पुढे असतानाच फोरआर्म उभा. केटी लेडेकीचा स्ट्रोक तर दोन्ही बाजूंना सारखासुद्धा नाही, एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड, घोडा दौडल्यासारखी लय. रिओ ऑलिंपिकला 800 मीटरमध्ये 8:04.79, दुसरी आलेली जवळजवळ साडेअकरा सेकंद मागे. या सगळ्यांचं पाण्यावरचं रूप इतकं वेगवेगळं आहे, पण पाण्याखालचे क्लिप्स स्लो करून बघा, पाणी पकडताना कोपर पडू देणारं यातलं कोणी नाही.

आणि स्प्रिंटरचा कॅच डिस्टन्सवाल्यासारखा नसतो हेही सांगायला पाहिजे. 50 मीटरला मिनिटाला 120 च्या आसपास किंवा जास्त स्ट्रोक पडतात, हात पुढे ठेवून वाट बघायला वेळच नसतो, हात जरा खोल जातो, कोपर थोडं कमी दुमडतं. थॉर्पचा व्हिडिओ दाखवून 50 मीटरवाल्या पोराला तसंच पोह म्हणणं हा अन्याय आहे.

50 मीटरचा विषय निघाला की मला आपला कोल्हापूरचा वीरधवल खाडे आठवल्याशिवाय राहत नाही. 2018 च्या जकार्ता एशियन गेम्सला हीटमध्ये 22.43 चं नॅशनल रेकॉर्ड केलं आणि फायनलला 22.47. ब्राँझ गेलं 22.46 ला. एक शतांश सेकंद! त्या वेगाने एका शतांश सेकंदात स्विमर दोन सेंटीमीटरच्या आसपास पुढे जातो. हे लिहितानाही पोटात तुटतं. इतक्या बारीक फरकाची ही शर्यत आहे, म्हणून भिंतीला टच करताना हात कसा आहे हेसुद्धा सरावात यायला पाहिजे, हात पूर्ण लांब, बोटांनी टच, शेवटचा स्ट्रोक पूर्ण, डोकं खाली, आणि शेवटच्या पाच मीटरमध्ये श्वास नाही. मुलं प्रॅक्टिसमध्ये रोज शेवटचे दोन मीटर तरंगत येऊन रेलिंग पकडतात आणि मीटला तेच करतात.

आता हे सगळं मुलाला शिकवायचं कसं. बोलून येत नाही, पाणी हाताला कळावं लागतं. माझ्या मते सगळ्यात उपयोगी ड्रिल म्हणजे मूठ बंद करून पोहणं. पंजा गेला की मुलाला नाइलाजाने फोरआर्म शोधावा लागतो. 25 मीटर मूठ, लगेच 25 मीटर उघडा पंजा, आणि उघडल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात, "मॅडम हात मोठा झाला!" दुसरं ड्रिल स्कलिंग, हात पुढे, कोपर वर, फोरआर्मने हलकेच आतबाहेर. यात पुढे फार सरकत नाही म्हणून मुलं कंटाळतात, पण दोन महिन्यांनी फरक दिसतो. आणि स्ट्रोक मोजायला लावा, टायमिंगबरोबर. नुसते स्ट्रोक कमी करायला सांगितले तर मुलं तरंगत बसतात, टायमिंग तेच ठेवून एक स्ट्रोक कमी झाला तर खरी सुधारणा.

पुलच्या शेवटी हात मांडीजवळून बाहेर काढताना तळवा मांडीकडे वळवायचा, करंगळी आधी बाहेर. पाणी वर फेकायचं नाही. मागे उंच तुषार उडाले की बघणारे टाळ्या वाजवतात पण तेवढा जोर वर गेला, मागे गेला नाही.

पॅडल्सबद्दल, म्हणजे पंजाला लावायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांबद्दल, शेवटचं, कारण सध्या ऑनलाईन मोठमोठी पॅडल्स मागवायची फॅशन आलीये. पॅडल हे ताकद वाढवायचं साधन आहे असं समजून दहा वर्षांच्या मुलाला मोठं पॅडल देऊ नका. कोपर पडत असेल तर पॅडलने चुकीच्या स्ट्रोकचाच भार वाढतो आणि तो सगळा खांद्यावर येतो. द्यायचंच असेल तर पंजापेक्षा किंचितच मोठं द्या, मनगटाचा पट्टा काढून, फक्त मधल्या बोटाच्या रबरावर. हात चुकीच्या कोनात गेला की पॅडल लगेच डगमगतं आणि मुलाला स्वतःलाच कळतं. आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय असं मुलगा म्हणाला तर "वॉर्मअप झालं की जाईल" म्हणू नका, त्या दिवशी किक बोर्ड द्या, पॅडल्स बॅगेत, आणि पुन्हा पुन्हा दुखत असेल तर मीट कितीही जवळ असली तरी आधी डॉक्टरकडे न्या.