काय काढू? टेक्सटाइल डिझाइनच्या स्केचबुकचा माझा अनुभव

लूमवर (मागावर) ताणा, म्हणजे उभे धागे, भरणं किचकट असतं, रंगाच्या कृतीतला हिशेब चुकला तर अख्खी लडी वाया जाते. तरीही या दोन्हींपेक्षा आमच्या वर्गात जास्त धास्ती असायची ती एका वाक्याची: "विषय तुमचा, स्केचबुक भरून आणा." हात चालत होता, आवड होती, कागद-रंग समोर होते, आणि काय काढायचं तेच सुचत नव्हतं. आता मी शेवटच्या वर्षाला आहे. ज्युनिअर मुलं-मुली नेमका हाच प्रश्न घेऊन येतात. प्रत्येकाला तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहावं असं वाटलं.

पहिल्या रिव्ह्यूच्या वेळी मॅडमनी सगळ्यांची स्केचबुकं एका टेबलावर मांडायला लावली. बहुतेक पानांवर फुलं, फुलपाखरं, पानं; आणि ती बहुतेक फोनवर सेव्ह केलेल्या फोटोंवरून काढलेली. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "फोटो काढणाऱ्याने कोन निवडला, उजेड निवडला, कडा कापली. मग यात तुमची निवड कोणती? आणि चित्रातलं हे झाडाचं पान उलटून मला मागची बाजू दाखवा बरं." मागची बाजू कुणालाच दाखवता येईना. तेव्हापासून नियम ठरला: जे हातात धरून फिरवता येईल, किंवा ज्याच्याभोवती आपल्याला फिरता येईल, तेच काढायचं. फोटो नंतर संदर्भाला चालतील, सुरुवात मात्र फोटोपासून नाही.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, आणि ती मला आजही सगळ्यात महत्त्वाची वाटते. चित्राला चौकट असते, कापडाला नसते. कापड मीटरच्या मीटर पुढे चालत राहतं. त्याला चुण्या पडतात, ते अंगावर वळतं, कुणी ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बघतं तर कुणी बोटांत धरून. म्हणून वस्तू सुंदर आहे की नाही हा प्रश्न मागे ठेवायचा. तिला पोत कसा आहे, कडा कुठे तुटते, मधल्या मोकळ्या जागा कशा आहेत, काय परत परत येतंय, हे आधी विचारायचं. माझ्यासाठी प्रेरणा सापडण्याचा रस्ता इथूनच निघाला. प्रेरणा वस्तूत तयार होऊन बसलेली नसते. असे प्रश्न विचारत बसलं की हळूहळू काहीतरी हाताला लागतं.

विषय मोठा असला की मात्र हे प्रश्न विचारताच येत नाहीत. 'निसर्ग', 'समुद्र', 'शहर' असले विषय वहीवर लिहायला छान वाटतात, पण पेन्सिल कुठे टेकवायची ते ते सांगत नाहीत. मॅडमनी अट घातली, मुठीत मावेल अशी एकच वस्तू निवडा. मला खिडकीच्या कट्ट्यावर एक मेलेला चतुर (जाळीदार पंखांचा किडा) मिळाला होता. त्याचा एक पंख कागदाच्या घडीत जपून ठेवला आणि तोच विषय घेतला.

नुसत्या डोळ्यांनी पंख म्हणजे जाळीचा एक पारदर्शक तुकडा होता. भिंगाखाली धरला तेव्हा कळलं की ही जाळी सगळीकडे एकसारखी नाहीच. पंखाच्या पुढच्या कडेला जाड शिरा आहेत आणि त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे चौकोनी खण एका ओळीत लागलेले आहेत. जसजसं मागच्या कडेकडे यावं तसतसे ते खण लहान होतात, चौकोनाचे पंचकोन-षटकोन होतात आणि ओळ मोडते. टोकाजवळ पुढच्या कडेला एकच भरीव गडद ठिपका. त्याला टेरोस्टिग्मा म्हणतात, आणि त्याच्या वजनाने तरंगताना पंख स्थिर राहायला मदत होते. पंख सपाटही नव्हता. कडेवरून डोळा लावून पाहिलं तर त्याला बारीक बारीक घड्या होत्या, एक शीर वर तर पुढची खाली. या घड्यांमुळेच इतक्या पातळ पडद्याला ताठपणा येतो.

हे सगळं दिसलं आणि 'काय काढू' हा प्रश्न संपला. उलट पानं कमी पडायला लागली. जाड शीर आणि बारीक शीर म्हणजे दोन जाडीचे धागे. चौकोनाकडून षटकोनाकडे सरकणारी जाळी म्हणजे काठापासून अंगापर्यंत बदलत जाणारी नक्षी. घड्या म्हणजे प्लीट्स. तो एकटा ठिपका तर तयार मोटिफच, म्हणजे नक्षीत परत परत येणारा आकारच होता.

इथे थोडं साधनांबद्दल सांगते, कारण माझ्या मते नवीन विद्यार्थी यावर फार कमी वेळ देतात. एकच गोष्ट वेगवेगळ्या साधनांनी काढली की प्रत्येक साधन कापडाच्या वेगळ्या तंत्राकडे नेतं. टोकदार पेनने शिरा काढल्या तेव्हा त्या भरतकामाच्या टाक्यांसारख्या दिसायला लागल्या. पांढऱ्या मेणाच्या खडूने जाळी काढून वरून पातळ शाई फिरवली, तर मेणाने शाई अडवली आणि बाटिकचा परिणाम मिळाला. बाटिकमध्ये कापडावर मेण हेच काम करतं. काळ्या कागदातून फक्त खण कापून पांढऱ्यावर चिकटवले, तेव्हा रेषा एकही काढली नव्हती, तरी जाळी उभी राहिली. कापलेल्या कागदाच्या कडा स्वच्छ असतात, त्यामुळे ते पान थेट स्क्रीन प्रिंटिंगला (जाळीच्या साच्यातून रंग दाबून छापायला) जाण्यासारखं होतं. मग काडी शाईत बुडवून, मग ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरून. ग्राफवर षटकोनाच्या तिरप्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या होतात, आणि ताण्या-बाण्यात (उभ्या-आडव्या धाग्यांत) विणताना हेच होणार हे आधीच डोळ्यांसमोर येतं.

अ‍ॅनी अल्बर्स यांच्याबद्दल वाचलं तेव्हा आणखी एक वाट मिळाली. १९२२ साली त्या बाउहाउस या जर्मनीतल्या कला-डिझाइनच्या शाळेत शिकायला आल्या आणि पुढे विणकामात त्यांनी फार मोठं काम केलं. टाइपरायटरवर अक्षरं आणि चिन्हं ओळीने उठवून कापडाच्या पोताचा भास होईल असे अभ्यास त्या करत आणि करवून घेत. मी ते कॉम्प्युटरवर करून पाहिलं. सगळ्या अक्षरांना सारखी जागा देणारा फॉन्ट घेतला आणि शून्य, तिरपी रेघ, विसर्गासारखे दोन टिंब एवढ्यावरच पंखाचा पुढचा काठ टाइप केला. पेन्सिलने जे दाखवायला मी धडपडत होते, ते दाट-विरळपणाचं सरकत जाणं त्या चार ओळींत आलं. चित्र काढता येत नाही म्हणून टेक्सटाइल नको, असं वाटणाऱ्यांना मी हा प्रयोग आवर्जून सांगते.

तरी मनात एक शंका होतीच. वर्गातल्या बाकीच्यांची पानं रंगीत, फुलांनी भरलेली; आणि मी मेलेल्या किड्याचा पंख घेऊन बसले होते. लायब्ररीत कापडाच्या इतिहासाची पुस्तकं चाळताना ती शंका गेली. इंग्लिश डिझायनर विल्यम मॉरिस यांचं 'स्ट्रॉबेरी थीफ' हे छापील कापड १८८३ चं. त्यातले पक्षी म्हणजे मॉरिस यांच्या केल्म्सकॉट मॅनर या घराच्या बागेत जाळीखाली शिरून स्ट्रॉबेऱ्या पळवणारे थ्रश. घरच्या बागेत जे समोर चाललं होतं तेच त्यांनी घेतलं. आणि मला त्याहून मोठा आधार वाटला तो १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या ब्रिटनमधल्या राष्ट्रीय प्रदर्शनाचा. हेलन मेगॉ या स्फटिकशास्त्रज्ञ बाईंना वाटलं की क्ष-किरणांनी मिळालेल्या स्फटिकरचनेच्या आकृत्या कापडावर फार छान दिसतील. त्यातून फेस्टिव्हल पॅटर्न ग्रुप उभा राहिला आणि इन्शुलिन, हिमोग्लोबिन अशा रेणूंच्या आकृत्या कापड, वॉलपेपर, गालिचे यांवर उतरल्या. स्फटिकाची व्याख्याच मुळी एकच रचना पुन्हा पुन्हा येण्याची आहे, म्हणजे रिपीट (नक्षीचा परत परत जोडला जाणारा तुकडा) त्यात आधीपासूनच होता. हे वाचून मी पंखावर परत गेले ती जास्त विश्वासाने.

रंगाच्या पानांना मला जास्त वेळ लागला. पंखाला रंग नाही असंच वाटत होतं. पण खिडकीपाशी तो जरा तिरपा केला की हिरवट, गुलाबी, जांभळी झाक सरकत जायची. पडदा इतका पातळ असतो की त्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि कोनाप्रमाणे रंग बदलतो. साबणाच्या फुग्यावरही हाच प्रकार असतो. ही झाक रंगवायची कशी? मॅडमनी सांगितलं, झाक रंगवू नकोस, प्रमाण पकड. मग मी पुठ्ठ्याच्या पट्टीवर धागे गुंडाळले: राखाडी-तपकिरी भरपूर, त्यात हिरव्याचे मोजके वेढे, जांभळ्याचा अगदी एखादा. याला यार्न रॅप म्हणतात. कागदावरच्या रंगाच्या चौकोनांपेक्षा यात जास्त कळतं, कारण धागा स्वतः उजेड घेतो, रेशमी धागा वेगळा आणि सुती वेगळा. एकच जांभळा धागा राखाडीशेजारी उठून दिसायचा आणि निळ्याशेजारी विरून जायचा. त्यामुळे मी रंग ठरवताना सुटा रंग बघणं सोडून दिलं. आधी शेजार ठरवते, मग रंग.

रिपीट हा भाग पुस्तकात वाचून कळत नाही, हाताने करावाच लागतो. मोटिफ काढलेला कागद उभा मधोमध कापायचा, डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवायचा. आधी जे बाहेरच्या कडेला होतं ते आता मध्ये येऊन एकमेकांना भिडतं आणि सांधा कुठे बिघडलाय ते तिथल्या तिथे दिसतं. मग तोच कागद आडवा कापून वर-खाली बदलायचा आणि उरलेल्या रिकाम्या जागा भरायच्या. हाफ-ड्रॉप या मांडणीत शेजारची उभी ओळ अर्ध्या मापाने खाली सरकते, त्यामुळे डोळ्याला सरळ रांगा टोचत नाहीत. माझ्या ठिपक्याला हाफ-ड्रॉपच मानवला. मापही सुरुवातीलाच ठरवलेलं बरं. रोटरी स्क्रीनचा (कापडावर फिरत छापणाऱ्या नळकांड्याचा) परिघ सहसा ६४ सेंटीमीटर असतो, म्हणून रिपीटची उंची ६४, ३२, १६ अशी त्यात नेमकी बसावी लागते. डिजिटल छपाईला हे बंधन नाही. तरीही मी आधी ३२ वरच करते, नाहीतर नंतर सगळी नक्षी ताणावी लागते.

काही दिवस काहीच सुचत नाही, ते आजही येतात. तेव्हा मी कागदाकडे न बघता नजर फक्त वस्तूवर ठेवून काढते, किंवा पुठ्ठ्यात छोटी चौकट कापून ती जुन्या पानांवर फिरवते. पूर्ण चित्रात जे नजरेतून सुटलं होतं ते त्या चौकटीत नीट दिसतं. प्रत्येक पानावर तारीख, उजेड कुठून होता आणि चित्र मूळ वस्तूच्या किती पट आहे, एवढं लिहून ठेवते. पानं फाडत नाही. फसलेलं वाटलेलं पान पुढच्या प्रोजेक्टला कामी आल्याचं अनेकदा पाहिलंय.

पंखाचं शेवटी काय झालं ते सांगते. षटकोनांची जाळी साध्या विणीत बसेना, कारण साध्या विणीत धागे विरळ ठेवले की सरकतात आणि खण मोडतात. विणकामाच्या सरांनी लेनो वीण सुचवली. त्यात ताण्याचे शेजारशेजारचे धागे एकमेकांना पीळ घालतात, त्या पिळात बाणा अडकतो, आणि कापड विरळ असूनही भोकं जागच्या जागी राहतात. पुढच्या काठासाठी जाड ताणा, अंगात बारीक, आणि गडद ठिपका वरून भरतकामाने. नमुना लूमवरून उतरवून उजेडात धरला तेव्हा दोन्ही बाजूंनी सारखा स्वच्छ दिसत होता. ज्युरीत (परीक्षकांसमोर काम मांडताना) त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न विचारले गेले, आणि प्रत्येक उत्तरासाठी दाखवायला माझ्याकडे स्केचबुकचं एक तरी पान होतं.

सध्या टेबलावर एक जुनी, टोकाशी उसवलेली तीनपेडी दोरी आहे. तिचा पीळ एका दिशेला जातो आणि आतल्या पेडांचा उलट दिशेला, म्हणून तर ती आपोआप सुटत नाही. हे दोन उलटे पीळ एकाच रेषेत कसे दाखवायचे यावर मी काम करतेय. कोरड्या ब्रशने जमत नाहीये, आता कापलेला कागद घेऊन बघणार आहे.